जहाजभाड्यावरील इंधन अधिभार : हिशेब, जोखीम आणि पारदर्शकता

१. प्रस्तावना

परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती जहाज कंपनीचे बिल पडते, तेव्हा त्यात 'जहाजभाडे' ही एकच रक्कम नसते. मूळ भाड्याखाली अधिभारांची एक रांग असते. टर्मिनल हाताळणी, कागदपत्रे, चलनातील चढउतार, गर्दीचा हंगाम आणि या सर्वांत ठळक असा इंधन अधिभार. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत निर्यात-प्रक्रिया, बिल ऑफ लेडिंग, एफओबी आणि सीआयएफ यांची माहिती सविस्तर असते. इंधन अधिभाराचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपतो. प्रत्यक्षात लहान निर्यातदाराचा एखाद्या सौद्यातील नफा या एका ओळीत बुडू शकतो.

इंधन महागले की वाहतूक महागणार, हे कोणीही मान्य करील. प्रश्न त्यापुढचा आहे. करार झाल्यानंतर आणि माल पोहोचण्यापूर्वी इंधनाचा दर बदलला, तर त्या बदलाची जोखीम कोणी सोसावी? ती कोणत्या सूत्राने वाटावी? आणि ते सूत्र कोणाला तपासता यावे? इंधन अधिभार ही वरवर हिशेबाची बाब वाटते. तिच्या मुळाशी जोखमीच्या वाटणीचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हा अधिभार कसा निर्माण झाला, त्याची आकारणी कशी होते, त्यातील कच्चे दुवे कोणते आणि त्याचे न्याय्य स्वरूप कोणते मानता येईल, याचा क्रमाने विचार केला आहे.

२. संज्ञा आणि संकल्पना

जहाजाच्या इंधनाला 'बंकर' म्हणतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजांत कोळसा साठवण्याच्या कोठीला बंकर म्हणत असत. कोळसा गेला, तेल आले. कोठीचे नाव इंधनालाच चिकटले. ब्रिटिश आगबोटींवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांच्या बोलीत या कोठीतून कोळसा वाहून आणणारा तो 'कोलवाला' आणि भट्टीत कोळसा टाकणारा तो 'आगवाला'. इंधनाचा खर्च त्या काळीही होताच, पण तो भाड्यात मिसळलेला असे.

आधुनिक कंटेनर जहाजात मुख्यतः जड इंधन तेल वापरले जाते. सिंगापूर, रॉटरडॅम आणि संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा ही ते भरण्याची जगातील मोठी ठिकाणे. या बंदरांतील टनामागचे दर रोज प्रसिद्ध होतात. इंधनाचे दर चढे असतात तेव्हा जहाज चालवण्याच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा निम्म्याच्या घरात जातो. इतका मोठा आणि इतका अस्थिर खर्च वर्षभराच्या ठराविक भाड्यात बसवणे कंपनीला अवघड जाते.

त्यावरील तोडगा म्हणजे 'बंकर अॅडजस्टमेंट फॅक्टर', व्यापारी व्यवहारातील 'बीएएफ'. मूळ भाडे स्थिर ठेवायचे आणि इंधनाच्या दरानुसार बदलणारी एक वेगळी रक्कम त्यावर आकारायची, अशी ही व्यवस्था आहे. अगदी तातडीने लावलेल्या रकमेला 'इमर्जन्सी बंकर सरचार्ज' असे नाव मिळते. प्रत्येक कंपनीची नावे व लघुरूपे वेगळी असली तरी तत्त्व एकच आहे.

३. अधिभाराची वाटचाल

नियमित मार्गांवर जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन भाडे ठरवण्याची पद्धत जुनी आहे. अशा संघांना 'लाइनर कॉन्फरन्स' म्हणत. पहिली कॉन्फरन्स १८७५ मध्ये ब्रिटन ते कलकत्ता या मार्गावर स्थापन झाली. म्हणजेच सामूहिक भाडेनिश्चितीच्या इतिहासाचा प्रारंभच भारताच्या व्यापाराशी जोडलेला आहे. मूळ भाडे एकत्र ठरवणाऱ्या या संघांनी पुढे अधिभारही एकत्रच ठरवले. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला आणि जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा 'सुएझ अधिभार' आकारले गेले. कालवा जून १९७५ मध्ये पुन्हा खुला झाला.

दरम्यान ऑक्टोबर १९७३ मधील तेलसंकटाने सर्व गणिते बदलली. अवघ्या तीन-चार महिन्यांत कच्च्या तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढे गेला. इंधन अधिभार हा तात्पुरता उपाय न राहता भाडेपत्रकाचा कायम घटक बनला तो या काळात. चलनांचे विनिमयदर याच सुमारास तरते झाल्याने चलन अधिभारही त्याच्या जोडीला आला.

विकसनशील देशांची याबाबतची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पोहोचली. १९७४ मध्ये कॉन्फरन्सांसाठी आचारसंहितेचा आंतरराष्ट्रीय करार तयार झाला व तो १९८३ मध्ये अमलात आला. भारतानेही तो स्वीकारला. त्यात भाड्याच्या सर्वसाधारण वाढीसाठी किमान १५० दिवसांची पूर्वसूचना सांगितली आहे. अधिभारांबाबतचे कलम विशेष लक्षणीय आहे. खर्चातील अचानक वा असाधारण वाढ भरून काढण्यासाठी लावलेला अधिभार तात्पुरता मानावा आणि परिस्थिती सुधारेल तसा तो कमी करून शेवटी रद्द करावा, असे त्याचे आशयसूत्र आहे. प्रत्यक्षात मात्र तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा पन्नास वर्षे उलटली तरी घरातच आहे.

पुढचा मोठा बदल २००८ मध्ये घडला. त्या वर्षी जुलैमध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि डिसेंबरमध्ये ४० डॉलरच्याही खाली आले. याच वर्षी १८ ऑक्टोबरपासून युरोपीय संघाने कॉन्फरन्सांना स्पर्धा कायद्यातून दिलेली सूट संपुष्टात आणली. त्यानंतर युरोपच्या व्यापारात कंपन्यांना एकत्र बसून अधिभार ठरवता येईना. प्रत्येकीला आपले सूत्र स्वतंत्रपणे मांडावे लागले. सामूहिक अधिभाराचा काळ संपला आणि निरनिराळ्या सूत्रांचा काळ सुरू झाला.

४. हिशेब कसा मांडतात?

आजच्या बहुतेक सूत्रांचा गाभा सोपा आहे. इंधनाचा टनामागचा सरासरी दर गुणिले त्या मार्गावर एका कंटेनरमागे खर्ची पडणारे इंधन. या दुसऱ्या संख्येला 'मार्ग-गुणक' म्हणता येईल. मर्स्क कंपनीने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलेले व जानेवारी २०१९ पासून लागू केलेले सूत्र याच स्वरूपाचे होते. हापाग-लॉइडने त्याच सुमारास आणलेल्या सूत्रात जहाजाचा दैनिक इंधनवापर, समुद्रातील व बंदरातील दिवस, इंधनाचा प्रकार व दर आणि वाहून नेलेले कंटेनर हे घटक मांडले होते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू. समजा, एक जहाज जाऊन-येऊन ५० दिवसांची फेरी करते. त्यांपैकी ४० दिवस ते समुद्रात असते व रोज ६० टन इंधन जाळते. उरलेले १० दिवस ते बंदरात असते व रोज ८ टन जाळते.

समुद्रातील वापर : ४० × ६० = २,४०० टन
बंदरातील वापर : १० × ८ = ८० टन
एकूण : २,४८० टन

जाताना ४,५०० आणि येताना २,७०० असे एकूण ७,२०० भरलेले टीईयू वाहिले, तर एका टीईयूमागे २,४८० ÷ ७,२०० = ०.३४४ टन इंधन लागले. हाच मार्ग-गुणक. इंधन टनामागे ६०० डॉलर असेल तर एका टीईयूवर सुमारे २०७ डॉलर इंधनखर्च येतो. दर १०० डॉलरनी वाढला तर तो सुमारे ३४ डॉलरनी वाढतो. आकारणीचा मूळ हिशेब एवढाच आहे.

मात्र वरील उदाहरणात एक निर्णय नकळत घेतला गेला आहे. जाणाऱ्या व येणाऱ्या कंटेनरांवर इंधनाचा भार समान टाकला आहे. समजा, प्रत्येक दिशेचे इंधन त्या त्या दिशेच्या कंटेनरांवर विभागले. मग जाताना १,२४० टन ४,५०० टीईयूंवर पडतात, म्हणजे टीईयूमागे सुमारे १६५ डॉलर. आणि येताना तेच १,२४० टन २,७०० टीईयूंवर पडतात, म्हणजे सुमारे २७६ डॉलर. याउलट, जहाज मुळात भरगच्च दिशेच्या मालासाठीच चालते आणि रिकामे कंटेनर परत आणण्याचे कारणही तोच माल आहे, असे मानले तर अधिक भार जाणाऱ्या मालावर पडायला हवा. व्यवहारात कंपन्या बहुधा हा तिसरा मार्ग पत्करतात. तिन्ही हिशेबांत एकूण इंधन तेच आहे. बदलते ती वाटणी, आणि वाटणी गणिताने ठरत नाही, धोरणाने ठरते. 'सूत्रानुसार आकारणी' या शब्दांत दडलेला हा निर्णय विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे.

५. सूत्रातील कच्चे दुवे

पहिला दुवा वेगाचा. जहाजाचा दैनिक इंधनवापर साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर दिवसाचा वापर ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे ०.७२९ पट होतो. सुमारे २७ टक्के बचत. प्रवासाचे दिवस वाढतात, म्हणून फेरीतील बचत सुमारे १९ टक्के उरते. वरील उदाहरणात समुद्रातील वापर २,४०० वरून १,९४४ टनांवर येईल आणि मार्ग-गुणक ०.३४४ वरून ०.२८१ होईल. सहाशे डॉलरच्या दराने टीईयूमागील खर्च सुमारे २०७ ऐवजी १६९ डॉलर भरेल. गुणक जुनाच ठेवला तर मधले ३८ डॉलर कंपनीकडे राहतात. २००८ नंतर मंदगतीने जहाजे चालवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, तेव्हा माल पाठवणाऱ्यांच्या संघटनांचा आक्षेप हाच होता : उशीर आम्ही सोसायचा आणि बचत मात्र कंपनीची.

याला दुसरी बाजूही आहे. फेऱ्या मंदावल्या की तेवढीच आठवडी सेवा देण्यासाठी एखादे जहाज वाढवावे लागते, त्याचा खर्च कंपनीवर पडतो. शिवाय बचतीचा काही लाभ मिळाल्याखेरीज कंपनी इंधन वाचवणार नाही. म्हणून गुणक काही काळ स्थिर असणे गैर नाही. तो ठराविक मुदतीने तपासला न जाणे गैर आहे.

दुसरा दुवा कालावधीचा. अधिभार बहुधा मागील तिमाहीच्या सरासरी दरावरून पुढील तिमाहीसाठी ठरतो. दर चढत असताना कंपनी मागे पडते, उतरत असताना ती पुढे असते. सूत्र दोन्ही दिशांनी सारखेच लागू झाले तर दीर्घकाळात हा फरक भरून निघतो. चढताना तातडीचा अधिभार आणि उतरताना मात्र तिमाहीची वाट, असे झाले की तोल बिघडतो. २०२० हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी १ जानेवारीपासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाज-इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. नवे इंधन महाग होते व अधिभारही त्यानुसार वाढले. पुढे महामारीत तेलाची मागणी कोसळली आणि एप्रिलअखेर तेच इंधन जानेवारीतील दराच्या निम्म्याहूनही खाली आले. दोन वर्षांनी, २०२२ च्या मध्यावर, ते टनामागे हजार डॉलरच्या पुढे गेले.

तिसरा दुवा इंधनाच्या प्रकाराचा. धूर धुऊन गंधक काढणारे संयंत्र ज्या जहाजावर बसवलेले असते, त्याला जुने, स्वस्त, अधिक गंधकाचे तेल वापरण्याची मुभा असते. माल पाठवणाऱ्याकडून मात्र अनेकदा महागड्या इंधनाच्या दराने अधिभार घेतला जातो. संयंत्राचा भांडवली खर्च कंपनीने केलेला असतो हे खरे. पण तो वसूल करण्याची जागा मूळ भाड्यात आहे, इंधनाच्या ओळीत नाही.

चौथा दुवा सर्वांत मूलभूत आहे. माल पाठवणारा शेवटी एकूण रक्कम पाहतो आणि ती बाजारातील मागणी-पुरवठ्यावर ठरते. २०१५ व २०१६ मध्ये जहाजांची संख्या मागणीहून फार वाढली, तेव्हा शांघाय ते उत्तर युरोप मार्गावरील अधिभारांसह एकूण दर काही आठवडे टीईयूमागे २५० डॉलरच्याही खाली होता. इंधनखर्च वजा केल्यावर मूळ भाडे जवळजवळ शून्य उरले. उलट, २०२२ च्या आरंभी याच मार्गावरील दर साडेसात हजार डॉलरच्या पुढे होता. या दोन्ही टोकांना इंधन अधिभाराने एकूण दर ठरवला नाही; त्याने फक्त दराचे दोन भाग पाडले. इंधन अधिभार हा खर्च भरून काढण्यासाठी आहे की उत्पन्न मिळवण्यासाठी, असा प्रश्न थिओ नॉटेबूम आणि पिएर कॅरिऊ या अभ्यासकांनी २००९ मध्ये आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला होता, तो यामुळेच.

अधिभाराचे खरे महत्त्व वार्षिक करारांत आहे. तेथे मूळ भाडे बांधलेले असते आणि हलती बाजू फक्त इंधनाची असते. सूत्र मान्य करताना जो बेसावध राहिला, त्याला वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते.

६. भार कोणावर पडतो?

विक्री एफओबी अटीवर असेल तर जहाजभाडे परदेशी खरेदीदार भरतो आणि अधिभारही त्याच्याकडे जातो. सीआयएफ अटीवर असेल तर भाडे विक्रेत्याकडे असते. निर्यातदाराने आज डॉलरमध्ये किंमत सांगितली, दीड महिन्याने माल जहाजावर चढला आणि दरम्यान अधिभार वाढला, तर ती वाढ त्याच्या नफ्यातून जाते. मोठा निर्यातदार वर्षाचा करार करून सूत्र आधीच बांधून घेतो. महिन्याला दोन-चार कंटेनर पाठवणारा लहान उद्योजक मालवाहतूक एजंटामार्फत त्या दिवशीच्या दराने जागा घेतो. त्याच्यासमोर सूत्र येत नाही, आकडा येतो.

बंदरापासून दूर असलेल्या केंद्रांत ही अडचण अधिक जाणवते. इंदूरजवळील पिथमपूर, ग्वाल्हेरजवळील मालनपूर, वडोदऱ्याजवळील दशरथ आणि हैदराबादमधील सनतनगर येथील आयसीडींतून कंटेनर रेल्वेने वा रस्त्याने बंदराकडे जातात. तेथील निर्यातदाराला इंधनाची वाढ दोनदा भेटते. एकदा जमिनीवरील वाहतुकीत डिझेलच्या रूपाने आणि दुसऱ्यांदा समुद्रावर बंकरच्या रूपाने. दोन्हींची सूत्रे व बदलण्याच्या तारखा निरनिराळ्या असतात. बेळगावचा ओतकाम-उद्योजक किंवा गोव्यातील औषध-उत्पादक बंदराला तुलनेने जवळ आहे, पण त्याच्यासाठीही समुद्रावरील भाग तोच राहतो. ओतीव लोखंडी सुट्या भागांसारखा वजनाने जड आणि किमतीने बेताचा माल असेल, तर कंटेनरमागे ५० डॉलरची वाढही नफ्याच्या टक्केवारीत उठून दिसते. औषधांसारख्या किमती मालात तीच रक्कम जाणवतही नाही. म्हणजे कंटेनरमागे समान असलेला अधिभार मालाच्या किमतीच्या प्रमाणात पाहिला तर स्वस्त मालावर अधिक पडतो.

आयातदाराची स्थिती आणखी वेगळी आहे. भारतात सीमाशुल्कासाठी मालाचे मूल्य काढताना बंदरापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च त्यात मिळवला जातो. इंधन अधिभार हा भाड्याचाच भाग असल्याने अधिभार वाढला की करपात्र मूल्यही वाढते. अधिभारावर शुल्क, आणि त्या बेरजेवर पुढील कर, अशी ही साखळी अखेर ग्राहकापर्यंत जाते.

७. नवे अधिभार

गेल्या काही वर्षांत जुन्या चौकटीत नवे अधिभार आले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून अनेक कंपन्यांनी आपली जहाजे केप ऑफ गुड होपमार्गे वळवली. सिंगापूर ते रॉटरडॅम या प्रवासात त्यामुळे सुमारे साडेतीन हजार सागरी मैलांची भर पडली. दर टनाचा तोच राहिला तरी टनच वाढले. म्हणजे सूत्रातील दुसरी संख्या बदलली. १९६७ मधील सुएझ अधिभाराची ही नवी आवृत्ती होय.

दुसरा प्रकार उत्सर्जनाचा. युरोपीय संघाने जानेवारी २०२४ पासून सागरी वाहतूक आपल्या कार्बन परवाना व्यवस्थेत आणली. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांसाठी, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी आणि २०२६ पासून संपूर्ण उत्सर्जनासाठी परवाने जमा करण्याचा हा क्रम आहे. संघाबाहेरील बंदरातून येणाऱ्या वा तेथे जाणाऱ्या प्रवासाचे निम्मे उत्सर्जन धरले जाते. न्हावा शेव्याहून युरोपला जाणारा कंटेनर या हिशेबात येतो. कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र उत्सर्जन अधिभार सुरू केला. जितके इंधन जळेल तितके उत्सर्जन, त्यामुळे याचाही पाया मार्ग-गुणकच आहे. गुणक चुकला तर आता एकाच चुकीवर दोन अधिभार उभे राहतात.

८. नियमन आणि न्याय्यतेची कसोटी

अमेरिकेत जहाज कंपन्यांना आपले दरपत्रक सार्वजनिक ठेवावे लागते आणि त्यातील वाढीसाठी ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. युरोपात स्पर्धा कायदा लागू आहे. भारतात वाद मुख्यतः स्पर्धा कायदा, २००२ च्या कक्षेत येतो. इंधन अधिभाराबाबत भारतीय स्पर्धा आयोगापुढे आलेले एक ठळक प्रकरण हवाई मालवाहतुकीचे आहे. तीन विमान कंपन्यांनी मालावरील इंधन अधिभार संगनमताने ठरवल्याच्या तक्रारीवरून आयोगाने २०१५ मध्ये दंड केला. अपीलीय न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवले आणि २०१८ मध्ये आयोगाने पुन्हा, पण कमी रकमेचा दंड ठोठावला. वाहतूक हवाई असली तरी मुद्दा समुद्रावरही तोच आहे. इंधनाच्या दराशी मेळ न बसणारा अधिभार आणि सर्वांनी जवळपास एकाच वेळी केलेले बदल संशयास वाव देतात.

कायद्याबरोबरच व्यवहारनीतीची कसोटीही येथे लावता येते. इस्लामी व्यापारविषयक न्यायशास्त्रात 'गरर' म्हणजे व्यवहारातील अशी अनिश्चितता, जिच्यामुळे एका पक्षाला आपण काय देणार व काय घेणार हेच कळत नाही. असा सौदा निषिद्ध मानला आहे. भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात. मराठीत रूढ झालेला 'इजारा' हा शब्द त्याच मुळाचा. इजाऱ्यात मोबदला ज्ञात असावा, हा नियम आहे. मग बदलते भाडे मुळीच चालणार नाही काय? इस्लामी वित्तव्यवहारांसाठी मानके ठरवणाऱ्या बहरीनस्थित 'आयोफी' या संस्थेने यावर व्यवहार्य उत्तर दिले आहे. बदलते भाडे चालेल. मात्र पहिल्या मुदतीची रक्कम निश्चित हवी आणि पुढील मुदतींची रक्कम वादाला जागा नसलेल्या, आधीच ठरलेल्या निर्देशकावरून निघायला हवी. हे मानक मालमत्ता भाड्याने देण्याच्या व्यवहारांसाठी आहे, त्यामुळे ते जहाजभाड्याला जसेच्या तसे लावण्याचा येथे उद्देश नाही. तथापि त्यातील तत्त्व येथेही उपयोगी पडते. रक्कम बदलली म्हणून व्यवहार अन्याय्य होत नाही. बदलाचा नियम एकालाच ठाऊक असेल तर तो अन्याय्य होतो. १९७४ च्या आचारसंहितेचा रोख आणि हे तत्त्व यांत विशेष अंतर नाही.

यावरून न्याय्य इंधन अधिभाराच्या पाच कसोट्या मांडता येतील. (१) आधारभूत इंधनदर त्रयस्थाने प्रसिद्ध केलेला असावा. (२) मार्ग-गुणक जाहीर असावा व ठराविक मुदतीने तपासला जावा. (३) सूत्र चढत्या व उतरत्या दरांना सारख्याच वेगाने लागू व्हावे. (४) बदलाची पूर्वसूचना मिळावी. (५) एकच खर्च दोन नावांनी वसूल होऊ नये.

९. अध्यापनातील उपयोग

हा विषय एकाच वेळी अनेक अभ्यासपत्रिकांना स्पर्श करतो. वाणिज्याच्या वर्गात एफओबी व सीआयएफ यांतील फरक केवळ व्याख्येने सांगण्याऐवजी 'अधिभार वाढला तर कोणाचा नफा घटेल?' या प्रश्नाने शिकवता येईल. अर्थशास्त्रात जोखमीचे हस्तांतरण आणि मक्तेदारीतील किंमतनिश्चिती यांचे हे जिवंत उदाहरण आहे. भूगोलात सुएझ आणि केप या मार्गांची तुलना इंधनाच्या टनांत करता येईल. गणितात वेगाच्या घनाचा नियम व भारित सरासरी यांसाठी वरील उदाहरण पुरेसे आहे. त्यात परतीचे कंटेनर २,७०० ऐवजी १,८०० धरून गुणक किती होतो, हे विद्यार्थ्यांना काढावयास सांगावे. एकूण ६,३०० टीईयूंवर तो ०.३९४ येतो. जहाज तेच, इंधन तेवढेच, पण परतीचा माल घटला म्हणून प्रत्येक कंटेनरचा भार वाढला, ही गोष्ट आकड्यांतून चटकन ध्यानात येते.

गावातील एखाद्या निर्यातदाराचे किंवा मालवाहतूक एजंटाचे जुने बिल नावे झाकून वर्गात आणले, तर त्याहून चांगले शैक्षणिक साधन नाही. बिलातील प्रत्येक ओळीपुढे विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न लिहावेत : ही रक्कम कशासाठी? ती कोणत्या सूत्राने आली? ते सूत्र आपल्याला तपासता येते काय? पुढे यांतीलच काही विद्यार्थी कारकून, हिशेबनीस, एजंट वा उद्योजक म्हणून अशा बिलांवर सही करणार आहेत.

१०. समारोप

इंधन महाग होणे ही जहाज कंपनीची चूक नाही आणि माल पाठवणाऱ्याचीही नाही. तथापि दोघांची ताकद सारखी नाही. कंपनी इंधन घाऊक विकत घेते, वायदे करून दर बांधून घेऊ शकते, जहाजाचा वेग ठरवते आणि सूत्रही तीच लिहिते. लहान निर्यातदाराच्या हाती यांपैकी काहीच नसते. इंधन अधिभार पूर्णतः रद्द करावा, ही मागणी त्याच्याही हिताची नाही. तसे झाले तर कंपन्या जोखमीची किंमत आधीच धरून मूळ भाडे वाढवतील आणि दर उतरले तरी त्याचा लाभ कोणाला मिळणार नाही. त्याच्या हिताचे आहे ते उघड व दुतर्फा चालणारे सूत्र. ते मागण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. बिलाची ओळ वाचता येणे आणि तिचा हिशेब विचारता येणे एवढेच लागते. ही क्षमता निर्माण करण्याचे काम महाविद्यालयाच्या वर्गातच होऊ शकते.